मुक्तस्रोत आज्ञावली आणि होस्टिंग-व्यवसायाच्या उत्पन्नातील वाटा

मुक्तस्रोत आज्ञावलींच्या परवान्यांत विक्रीला प्रतिबंध केव्हाच नव्हता. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये सिद्ध केलेल्या ग्नू सार्वजनिक परवान्याने प्रती मोल घेऊन देण्याची मुभा दिली. अट एवढीच की, प्रत घेणारास मूळ संहिताही मिळावी. हे बंधन प्रत हस्तांतरित होण्याशी निगडित होते. २००६ पासून ॲमेझॉनने संगणकशक्ती भाड्याने देण्यास आरंभ केल्यावर या योजनेतील उणीव ठळक झाली. होस्टिंग कंपनी आज्ञावली आपल्या यंत्रांवर चालविते व ग्राहकास केवळ तिचा उपयोग विकते. प्रत कोणाच्याच हाती जात नाही. २००७ मधील अफेरो परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीने अशा सेवेतही बदललेली संहिता खुली करणे बंधनकारक केले. तथापि संहिता मिळणे आणि द्रव्य मिळणे या दोन भिन्न गोष्टी होत. निर्मात्यांनी द्रव्याचा वाटा मिळविण्यासाठी पुढे जे मार्ग चोखाळले, त्यांत तीन मार्ग विशेष लक्षणीय आहेत.

पहिला मार्ग परवाना कठोर करण्याचा. ऑक्टोबर २०१८ मध्ये मोंगोडीबीने असा परवाना स्वीकारला की, ती आज्ञावली सेवारूपाने विकणाराने त्या सेवेची समग्र संहिता प्रसिद्ध करावी. जानेवारी २०१९ मध्ये ॲमेझॉनने तिच्याशी सुसंगत अशी स्वतःची सेवा बाजारात आणली. जानेवारी २०२१ मध्ये इलॅस्टिक कंपनीने इलॅस्टिकसर्चचा परवाना बदलला. त्याच वर्षी ॲमेझॉनने पूर्वीच्या खुल्या संहितेवरून ओपनसर्च ही शाखा उभी केली. परवान्याच्या धाकाने वाटा तर मिळाला नाहीच, उलट प्रतिस्पर्धी मात्र निर्माण झाला.

दुसरा मार्ग कराराचा. एप्रिल २०१९ मध्ये गूगलने मोंगोडीबी, इलॅस्टिक, रेडिस लॅब्ज यांसह सात कंपन्यांशी सहकार्य जाहीर केले. त्यांच्या सेवा गूगलच्याच मंचावरून व एकाच देयकातून मिळाव्यात आणि उत्पन्न उभयतांत वाटले जावे, अशी ही योजना होती. यामागे केवळ औदार्य होते असे मानण्याचे कारण नाही. गूगल या व्यवसायात ॲमेझॉन व मायक्रोसॉफ्ट यांच्या मागे होते आणि निर्मात्यांची सदिच्छा त्यास व्यापारदृष्ट्या मोलाची होती.

तिसरा मार्ग व्यापारचिन्हाचा. २००३ मध्ये मॅट मुलेनवेग व माइक लिटल यांनी आरंभिलेल्या वर्डप्रेसच्या होस्टिंगवर अनेक कंपन्या उभ्या आहेत. परवान्यानुसार त्यांजकडे काहीच मागता येत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये मुलेनवेग यांच्या ऑटोमॅटिक कंपनीने डब्ल्यूपी इंजिनकडे एकूण उत्पन्नाच्या ८ टक्के रक्कम, अथवा तितक्या मोलाचे वर्डप्रेससाठीचे श्रम मागितले. व्यापारचिन्हाच्या वापराचे हे मोल होय, अशी मागणाऱ्यांची भूमिका होती. ही खंडणी होय, असा प्रतिपक्षाचा आक्षेप होता. ऑक्टोबरमध्ये डब्ल्यूपी इंजिनने कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयात दावा दाखल केला आणि डिसेंबरमध्ये न्यायालयाने तिच्या बाजूने अंतरिम आदेश दिला.

या तिन्ही प्रसंगांवरून असे दिसते की, उत्पन्नातील वाटा परवान्यातून आपोआप उद्भवत नाही. देवघेवीत निर्मात्याच्या हाती काही राखीव असेल आणि होस्टिंग कंपनीचाही त्यात लाभ असेल, तेव्हाच तो संमतीने ठरतो. परंतु याच निष्कर्षात एक गंभीर मर्यादा दडलेली आहे. ज्या आज्ञावलीमागे कंपनी नाही, ग्राहकास ठाऊक असलेले नाव नाही, तिला सौदा करण्यास हाती काहीच उरत नाही. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधील 'हार्टब्लीड' हा दोष उघड झाला. महाजालावरील असंख्य सर्व्हरांची सुरक्षा जिच्यावर अवलंबून होती, त्या आज्ञावलीस तोवर देणग्यांतून वर्षाकाठी सुमारे २,००० डॉलर मिळत. ॲमेझॉन, गूगल, मायक्रोसॉफ्ट आदी कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशनच्या द्वारे अशा आज्ञावलींसाठी सामाईक निधी उभारला, तो या संकटानंतर. वाटणीची पद्धती नाव असलेल्या निर्मात्यास तारू शकेल. पायातील दगडांची तरतूद तिच्यावर सोपविता येणार नाही.