ल्युनसी

ल्युनसी : उन्माद किंवा चित्तभ्रम या अर्थाचा, आता वैद्यक व कायद्याच्या परिभाषेतून गेलेला इंग्रजी शब्द. चंद्रवाचक लॅटिन ‘लूना’ हे त्याचे मूळ होय. चंद्रकलांबरोबर ज्याची व्याधी वाढते आणि ओसरते तो ‘ल्युनॅटिकस’, अशा प्राचीन रोमन समजुतीतून उपजलेले विशेषण जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले व सोळाव्या शतकात त्यापासून प्रस्तुत नाम सिद्ध झाले. अपस्माराचे झटकेही आरंभी याच सदरात पडत.

जन्मतः मतिमंद असलेला इसम आणि भान हरपून मधूनमधून शुद्धीवर येणारा इसम यांत इंग्रज धर्मशास्त्र्यांनी नव्हे, तर न्यायपंडितांनी भेद केला, कारण दोघांच्या मालमत्तेची व्यवस्था निरनिराळी लावावी लागे. ‘ल्युनॅटिक’ ही संज्ञा दुसऱ्यासाठी होती. कंपनी सरकारच्या १८५८ च्या कायद्यांनी ती हिंदुस्थानच्या दिवाणी दप्तरात आणि वेड्यांच्या इस्पितळांत रूढ केली. १९१२ च्या इंडियन ल्युनसी ॲक्टाने मात्र दोन्ही प्रकारचे इसम एकाच व्याख्येत कोंबले, आणि रस्त्यावर भटकणाऱ्या अशा इसमास पकडून मॅजिस्ट्रेटापुढे हजर करण्याचा अधिकार पोलीस अंमलदारास दिला. आजारी माणसाची गाठ वैद्याआधी शिपायाशी पडावी, हे या कायद्याचे मोठे वैगुण्य होते.

१९०१ साली स्थापन झालेले ठाण्याचे मनोरुग्णालय याच काळाचे अपत्य. परंतु त्याच जिल्ह्यातील शहापूर-मुरबाडच्या डोंगरपट्ट्यात ‘बाहेरचं झालंय’ असे ठरले, की रुग्णाची पहिली वारी पुष्कळदा भगताकडेच होते. अमावास्या-पौर्णिमेस दुखणे उचल खाते हा समज आपल्याकडेही रूढ असून तो रोमन कल्पनेचा सख्खा भाऊच म्हणावा. वास्तविक चंद्रकला आणि मनोविकार यांचा विश्वसनीय संबंध प्रस्थापित झालेला नाही. भूत उतरवण्याच्या मिषाने दोरखंडाने वा साखळदंडाने बांधून मारणे, मिरचीची धुरी देणे ही कृत्ये महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवली आहेत.

इंग्लंडने १९३० साली कायद्यातून ‘ल्युनॅटिक’ काढून टाकला. आपल्याकडे १९१२ चा कायदा रद्द करणारा १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १९९३ साली अंमलात आला. त्याचीही जागा घेणाऱ्या, २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या २०१७ च्या अधिनियमाने मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क मानला. तो हक्क तालुक्याच्या दवाखान्यातच पदरात पडेल, तेथे औषध आणि धीर देणारा डॉक्टर दोन्ही असतील, तेव्हाच आडगावच्या रुग्णाच्या दृष्टीने या कायद्याला अर्थ येईल.