पुरवणीतले युद्ध

#थ्रेड #मराठेशाही

राजापूर तालुक्यातील नाटे गावी, जैतापूरच्या खाडीच्या मुखाजवळ, जांभ्या दगडाचा यशवंतगड आजही उभा आहे. जमिनीच्या बाजूस खंदक, समोर खाडी. पेशवाईत कोकणातील अशा गडांवर शिबंदी असे. मराठा, भंडारी, महार अशा अनेक जातींची माणसे पिढ्यानपिढ्या पहाऱ्याला उभी राहत. त्यांची नावे हजेरीत आणि वेतनाच्या यादीत येतात. युद्ध चालू असताना घराविषयी त्यांच्या मनात काय होते, हे त्या याद्या सांगत नाहीत. बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. कोणाकडून लिहवून घेतलेला कागद असलाच, तर कोकणचा पाऊस आणि वाळवी त्याला फार काळ जगू देत नसे.

मराठ्यांच्या यादवीतील लढणाऱ्यांची खासगी पत्रे तरीही उरली आहेत, आणि शेकड्यांनी उरली आहेत. ती ज्या घराण्याची आहेत ते मूळचे याच जिल्ह्यातले. रत्नागिरीजवळच्या कोतवड्याचे हरभट पटवर्धन घाटावर गेले आणि इचलकरंजीकर घोरपड्यांचे उपाध्ये झाले. त्यांच्या मुलांनी पोथी ठेवून घोडा घेतला. गोविंद हरी, रामचंद्र हरी, त्र्यंबक हरी आणि त्यांची मुले पेशवाईच्या उत्तरार्धात दक्षिणेकडील सर्वांत मोठी पथके बाळगून होती. कोरड्या हवेच्या मिरजेत त्यांचे दफ्तर टिकले.

ते दफ्तर उजेडात आणणारा माणूसही कोकणातलाच. वासुदेवशास्त्री खरे यांचा जन्म १८५८ साली गुहागरचा. ते मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवीत. १८९७ पासून त्यांनी ही मोडी पत्रे बाळबोधीत उतरवून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने छापण्यास आरंभ केला. पानिपतच्या सुमारापासून अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंतचा काळ त्यात येतो. रियासतकार सरदेसाई यांनी उत्तरपेशवाईचा इतिहास लिहिताना या संग्रहाचा भरपूर आधार घेतला.

खऱ्यांपुढील मोठी अडचण तारखांची होती. छावणीतल्या पत्रावर तिथी असते किंवा मुसलमानी महिन्याचा ‘छ’ असतो. साल पुष्कळदा नसतेच. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला चालू साल ठाऊक असताना ते लिहावे कशाला? म्हणून संपादकाला मजकुरावरून माग काढावा लागतो: नदीला पूर आहे, अमुक सरदार अजून जिवंत आहे, अमुक गावी मुक्काम आहे, तेव्हा हे पत्र अमुक सालचे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या फौजांच्या मुक्कामांचा असा हिशोब एका शाळामास्तराने वर्षानुवर्षे बसून जुळवला.

त्या काळचे पत्र म्हणजे मायन्यांची एक उतरंडच असते. मुलगा बापाला ‘तीर्थरूप’ लिहितो आणि स्वतःला ‘अपत्य’ म्हणवतो. बाप मुलाला ‘चिरंजीव’ लिहून आशीर्वाद देतो. बरोबरीचा माणूस ‘राजश्री’ असतो. पत्र पोचले की घेणारा त्यावर पैवस्तीची, म्हणजे पोचल्याची, तारीख टाकतो. लिहिल्याची आणि पोचल्याची तारीख शेजारी ठेवली, की वाट मोकळी होती की अडलेली, याचा अंदाज येतो.

मुख्य पत्र बहुधा कारकुनाच्या हातचे, दरबारी थाटाचे असते. मनातले पुरवणीत येते. मुख्य पत्रासोबत जाणारा हा जोडकागद. फौजेच्या हालचाली, कुणाशी बोलणे चालले आहे, हे वर; आणि प्रकृती कशी आहे, घोडी किती पडली, पथकाचा रोजमुरा किती दिवसांचा तुंबला, सावकार काय म्हणतो, छावणीत धान्य आणि वैरण कोणत्या भावाने मिळते, हे खाली. लढाईचे वर्णन चार ओळींत आटोपते आणि वैरणीची तक्रार पानभर चालते. शिलेदाराचा घोडा त्याच्या स्वतःच्या मालकीचा. घोडा मेला की माणूस पायउतार आणि घर कर्जात. पानभर जागा त्या तक्रारीला मिळाली ती या हिशोबाने.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. जे फार नाजूक होते ते कागदावर आलेच नाही. ‘मुखवचनी कळेल’ अशा अर्थाच्या शब्दांनी पत्र थांबते आणि पुढचे जासुदाच्या तोंडी जाते. जासूद पकडला गेला तर कागद शत्रूच्या हाती. तोंडचे शब्द मात्र त्याच्याबरोबर.

आता यादवीकडे. मराठीत या प्रकाराला यादवी, गृहकलह आणि भाऊबंदकी असे तीन शब्द आहेत. पेशवाईला तिसरा सर्वांत चपखल बसतो, कारण इथले युद्ध अक्षरशः चुलता-पुतण्यांचे होते.

पहिली फेरी १७६२ ची. रघुनाथराव आणि तरुण माधवराव यांच्यात फूट पडली. नोव्हेंबरात घोडनदी आणि आळेगावच्या बाजूला दोन्ही फौजा भिडल्या आणि माधवराव चुलत्याच्या स्वाधीन झाला. पटवर्धन माधवरावाच्या बाजूचे. रघुनाथरावाने सूड म्हणून मिरजेवर चाल केली. किल्ल्यात म्हातारे गोविंद हरी होते. १७६३ च्या आरंभी मिरज गेली.

त्यांचा मुलगा गोपाळराव निजामाला जाऊन मिळाला. त्याच वर्षी निजामाच्या फौजेने पुणे लुटले आणि जाळले. ज्या शहराच्या धन्यासाठी पटवर्धनांनी मिरज गमावली, ते शहर जळत असताना गोपाळराव जाळणाऱ्यांच्या गोटात होता. ऑगस्टमध्ये राक्षसभुवनाला निजामाचा पराभव झाला, तोपर्यंत गोपाळरावाची समजूत पडून तो पेशव्यांकडे परतला होता.

बखरकार असा प्रसंग एका वाक्यात निकालात काढतो: फितूर झाला, किंवा रुसला होता. खासगी पत्रव्यवहार वाचताना निर्णय इतका स्वच्छ राहत नाही. वतन गेले आहे, पथकाचे पैसे द्यायचे आहेत, बाप हरून बसला आहे, आणि ज्याच्याविरुद्ध लढायचे तो रघुनाथराव म्हणजे धन्याचा सख्खा चुलता आहे. निष्ठा कोणाशी राखायची, हा प्रश्न अशा माणसापुढे दर मुक्कामाला नव्याने उभा राहत असणार. त्याने केले ते योग्य होते असे म्हणवत नाही. पण ‘फितुरी’ हा शब्द त्या काळाचे अनेक इतिहासकार फार सढळ हाताने वापरतात, एवढे खरे.

दुसरी फेरी अधिक रक्ताळलेली. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला. गादीवर आलेल्या रघुनाथरावाविरुद्ध सखारामबापू बोकील आणि नाना फडणीस यांच्या भोवती बारभाईंचे कारस्थान उभे राहिले. २६ मार्च १७७४ रोजी पंढरपूरजवळ कासेगावला बारभाईंची फौज मोडली. तिचे सेनापती त्र्यंबकराव पेठे, ज्यांना पेशव्यांच्या वर्तुळात सारे ‘मामा’ म्हणत, जखमी होऊन हाती लागले आणि मरण पावले. मामांना मारणारी फौज परक्याची नव्हती. तीत मामांना ओळखणारी माणसे होती.

तीन आठवड्यांनी, १८ एप्रिलला, पुरंदरावर सवाई माधवराव जन्मला. पुढच्या जानेवारीत रघुनाथराव गुजरातेकडे पळत असताना मागे धारच्या किल्ल्यात आनंदीबाई बाळंत झाली. ते मूल म्हणजे दुसरा बाजीराव. दोन बाजूंची दोन बाळे नऊ महिन्यांच्या अंतराने, दोन किल्ल्यांत, फौजांच्या पहाऱ्यात जन्मली.

त्या काळचे कागद वाचताना एक गोष्ट खटकते आणि मग पटते. ज्याच्यावर पुतण्याच्या खुनाचा आरोप आहे, ज्याच्यामागे फौज लावली आहे, त्या रघुनाथरावाचा उल्लेख विरोधकही ‘दादासाहेब’ असाच करतात. मायना बदलत नाही. युद्ध संपल्यावर याच माणसांच्या घरी लग्नकार्ये व्हायची आहेत, हे लिहिणाऱ्याला माहीत असते. नाना फडणिसांचा चुलतभाऊ मोरोबा १७७८ मध्ये नानांविरुद्ध उठला, तेव्हा तर फडणिसांचेच घर मधोमध चिरले गेले.

भावांच्या भांडणाचा हिशोब सीमेवरच्यांनी चुकवला. रघुनाथरावाशी संधान असलेल्या हैदरअलीने तुंगभद्रेकडचा मुलूख दाबला. १७७७ च्या आरंभी धारवाडकडे सावशीला पटवर्धनांची फौज त्याच्याकडून पराभूत झाली. कोन्हेरराव ठार झाले. पांडुरंगराव कैद होऊन श्रीरंगपट्टणास नेले गेले आणि तिथेच कैदेत वारले. मिरजेच्या घरी या बातम्या एकापाठोपाठ एक आल्या. कोतवड्याच्या भटाचे दोन नातू एका वर्षात गेले.

याच सुमारास यादवी कोकणातही उतरली होती. सदाशिवरावभाऊ पानिपतात पडल्याची खात्री अनेकांना कधी पटलीच नाही. परत न आलेल्या माणसांची संख्या इतकी मोठी होती, की एक परत आला असे कोणी म्हटल्यास विश्वास ठेवायला हजारो तयार होते. भाऊ म्हणून मिरवणारा एक कनोजी ब्राह्मण अनेक वर्षे कैदेत होता. १७७६ च्या आरंभी रत्नागिरीचा सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे याने त्याला बाहेर काढले आणि किनाऱ्यावरचे गड एकामागून एक त्याच्या नावाने उभे राहू लागले. तोतयाची फौज घाटापर्यंत पोचली. महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी ती बोरघाटाच्या बाजूला मोडली. तोतया कुलाब्याकडे निसटला, आंग्र्यांच्या हाती लागला आणि वर्ष संपण्यापूर्वी पुण्यात देहदंड पावला.

त्याच्यामागे गेलेल्या गडकऱ्यांनी काय विचार केला होता? काहींचा खरोखर विश्वास असेल, काही जण थकलेल्या पगारावर चिडलेले असतील, काहींनी नुसता वाऱ्याचा रोख पाहिला असेल. पटवर्धनांच्या बाबतीत असे अंदाज करावे लागत नाहीत, तिथे पुरवणी असते. गडकऱ्यांच्या बाबतीत उरतात ते विजेत्यांनी केलेल्या चौकशीचे आणि शिक्षेचे कागद. मराठ्यांची यादवी आज आपल्याला घोडेस्वाराच्या नजरेने दिसते आणि तटावरच्या पाइकाच्या नजरेने दिसत नाही, याचे कारण इथे आहे. खासगी पत्रे खरी असतात, पण ती लिहिणाऱ्यांची असतात. लेखसंग्रहावर विसंबून लिहिलेल्या इतिहासात हा तोल अजूनही पुरता सावरलेला नाही.

आत्मचरित्राची वाट अधिकच अरुंद. नाना फडणिसांनी स्वतःविषयी लिहिलेले छोटे टिपण मराठीतील आद्य आत्मकथनांत गणले जाते. पानिपतावर ते विशीच्या आतले होते; आई आणि बायको बरोबर होत्या; आई त्या गर्दीत कायमची हरवली. आपल्या वासनांविषयी आणि भीतीविषयी ते त्यात आश्चर्य वाटावे इतक्या मोकळेपणाने बोलतात. पण ते लेखन पानिपतनंतर थोड्याच काळाशी थांबते. पुढे ज्याने पाव शतक गृहकलहाची सूत्रे हलवली, त्याने त्या कलहाविषयी असे काही लिहून ठेवले नाही. तिथे पुन्हा पत्रांकडेच वळावे लागते.

पटवर्धनांची शेवटची मोठी लढाईसुद्धा मराठ्यांशीच झाली. टिपूविरुद्धच्या मोहिमेत नाव कमावलेले परशुरामभाऊ सप्टेंबर १७९९ मध्ये कोल्हापूरकरांच्या फौजेशी लढताना पट्टणकुडीला पडले. तेव्हा ते साठीच्या उंबरठ्यावर होते. वैर विसरले गेले नाही. त्यांच्या मुलाने पुढे कोल्हापूरलाच वेढा घातला. खऱ्यांचा संग्रह साधारण याच वर्षांशी येऊन थांबतो. खरे स्वतः १९२४ मध्ये वारले, तेव्हा छापायचे रुमाल अजून शिल्लक होते. ते बाळबोधीत उतरवायला त्यांचा मुलगा बसला.