पुढं सरका, रावण येतोय

पुढं सरका. दिवा एकच आहे, उंडीच्या तेलाचा. मागं बसलात तर चित्रातलं धनुष्य दिसायचं नाही. साल 1780च्या आसपासचं. सावंतवाडीच्या गादीवर तिसरे खेमसावंत आहेत, नवरात्र चालू आहे आणि कुडाळकडच्या या देवळात सारवलेली जमीन अजून ओलसर आहे. पंचा अंथरून बसा.

समोर पिंगुळी गावचे ठाकर कथेकरी. एकाकडे वीणा, दुसऱ्याकडे टाळ, तिसऱ्याच्या हातात हुडूक. हे देऊळ त्यांच्या घराण्याला लावून दिलेलं आहे. इथं कथा सांगणं हा त्यांचा हक्क. पण न येण्याची मुभाही नाही.

पोथी म्हणजे सुट्या कागदांची चवड, दोन-दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. एक बाजू सांगून झाली की कागद उलटतो. आज सीतास्वयंवर. चित्रात झाडं-डोंगर शोधू नका. आहेत ती माणसं, टपोऱ्या डोळ्यांची, एकमेकांवर नजर रोखलेली. बाकीचं गळ्यानं भरायचं. जनकाचा दरबार हुडुकाच्या थापेवर भरतो. रावण ऐटीत येतो, धनुष्याला हात घालतो आणि धनुष्यासकट उताणा पडतो.

‘‘उठ मरे आता!’’ मागून कुणीतरी ओरडतं. सगळं देऊळ हसतं. सांगणारा ती हाक तशीच उचलतो आणि रावणाला आणखी थोडं कण्हायला लावतो. हे पोथीत नाही. उद्या दुसऱ्या गावात असेलच, असंही नाही.

चित्र दाखवून कथा सांगणाऱ्याचा उल्लेख बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात येतो. म्हणजे तुम्ही जिथं येऊन बसलात, तिथंही खूप उशिरा पोचलात.

आता कागद उलटा. पिंगुळीतलंच गुढीपूर, पण 2006 उजाडलंय. याच ठाकरांपैकी परशुराम गंगावणे यांनी घरच्या गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभं केलंय: ठाकर आदिवासी कला आंगण. (पद्मश्री मिळायला 2021 उजाडावं लागेल.) पोथ्यांतली चित्रं, चामड्याच्या बाहुल्या, कळसूत्री बाहुल्या, सगळं इथं आहे. अशीच चित्रं पुण्यात केळकर संग्रहालयातही आहेत. ती जरूर बघा, पण काचेमागचा रावण कण्हत नाही. इथं चित्र हातात धरून सांगणारा माणूस समोर बसतो, आणि मला विचाराल तर संग्रहालयाला याहून मोठी श्रीमंती नाही. खंत एकच. पाहुण्यांना पुढचा समुद्रकिनारा गाठायचा असतो, म्हणून रात्रभराची कथा घटकाभरात आटपते.

खेळ संपल्यावर कळसूत्री बाहुली तुमच्या हाती आली, तर नाही म्हणू नका. दोरे पहिल्याच झटक्याला गुंततील, राजकन्येचा हात मानेत अडकेल. घरातलं एखादं पोर ती तुमच्याकडून काढून घेईल आणि बोलता बोलता तिला नाचायला लावेल.