ताऱ्यांची लढाई आणि धरणीची फिर्याद



कामगारांच्या सभेत मजुरीचे आकडे सांगणाऱ्या माणसाने आकाशातील लढाईवर बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण झाले ते ग्रंथालयाच्या बाकावर आणि जत्रेतील दशावतारात. आमच्या मालवण-कुडाळकडे देवदानवांचे युद्ध प्रथम कळते ते पोथीतून नव्हे, दशावतारातून. एक बाकडे, बाजूला पायपेटी, मृदंग आणि झांज. तेवढ्यावर स्वर्ग उभा राहतो आणि पहाटेपर्यंत लढाई चालते. लहानपणी अशाच एका रात्री शेजारी बसलेले एक म्हातारे रापणकर आम्हांला म्हणाले, "झिला, राजे लढतत, पण तेंका जेवाण कोण घालता?" संघटनेच्या कामात हा प्रश्न आम्हांला जन्मभर पुरला. आज तोच एका फार जुन्या, कल्पित युद्धाला विचारावयाचा आहे.

त्या युद्धाचे नाव तारकामय संग्राम. विष्णुपुराणाच्या चौथ्या अंशात त्याची हकीकत आहे. राजसूय यज्ञ केल्यावर सोमाला, म्हणजे चंद्राला, मद चढला आणि त्याने देवगुरू बृहस्पतीच्या पत्नीचे, तारेचे, हरण केले. ब्रह्मदेवाने सांगितले, ऋषींनी विनविले, तो ऐकेना. शुक्राचे बृहस्पतीशी हाडवैर, म्हणून तो सोमाकडे गेला आणि त्याच्यामागून सारे दैत्यदानव गेले. रुद्र बृहस्पतीच्या पित्यापाशी विद्या शिकलेला, म्हणून तो बृहस्पतीकडे आला; इंद्र आणि देवांची सेनाही तिकडेच उभी राहिली. चंद्र, गुरू, शुक्र, आणि शेवटी जन्माला येणारा बुध! रोज रात्री आपल्या माथ्यावरून जाणाऱ्यांचेच हे युद्ध आहे.

आता हिशेब मांडू. भांडण दोघांचे. त्यात उतरले ते कोणी वैरापोटी, कोणी गुरुघराण्याच्या ऋणापोटी. ज्या हजारोंनी शस्त्र धरले, त्यांचे ह्यात काय अडले होते, हे पुराण सांगत नाही. जिच्यासाठी युद्ध झाले त्या तारेला कोठे राहावयाचे आहे, हेही कोणी विचारले नाही. युद्ध थांबल्यावर ती पतीकडे परत आली ती गर्भवती होऊन. पतीच्या आज्ञेने तिने मूल गवतात टाकले. पुढे त्या मुलाचे तेज पाहून दोघेही त्याच्यावर हक्क सांगू लागले, तेव्हा प्रथमच तिला विचारण्यात आले. तेही एवढेच, की मूल कोणाचे? लाजत तिने उत्तर दिले, सोमाचे. तो मुलगा बुध. बुधाचा पुत्र पुरूरवा, आणि तेथून चंद्रवंशी राजांची परंपरा. म्हणजे ही कथा राजकुळाचा सातबारा आहे. म्हणूनच ती इतक्या काळजीने जपली गेली.

परंतु पुराणकाराने एक गोष्ट लपविली नाही. हे युद्ध थांबले ते कोणी जिंकले म्हणून नव्हे. पायांखालची पृथ्वी हादरली, ती ब्रह्मदेवाला शरण गेली, आणि त्याने मध्ये पडून दोन्ही पक्षांना आवरले. सगळ्या कथेत स्वार्थ, वैर किंवा नाते ह्यांवाचून बोलणारी एकटी धरणीच आहे. आमच्या भाषेत सांगावयाचे तर फिर्याद तिने केली, कारण भार तिच्यावर पडला.

आपल्या पूर्वजांनी हे सारे अक्षरशः खरे मानले होते काय? कोकणातच, मुरूड येथे १८५३ साली जन्मलेले शंकर बाळकृष्ण दीक्षित ह्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध झाला. त्याचे बोट धरून आमच्यासारखे अनेक अडाणी वाचक जुन्या सिद्धान्तग्रंथांपर्यंत पोचले. सूर्यसिद्धान्ताच्या सातव्या अध्यायात दोन ग्रह जवळ आले म्हणजे होणाऱ्या 'ग्रहयुद्धा'चे प्रकार दिले आहेत. जिंकला कोण, हरला कोण, हेही सांगितले आहे. आणि शेवटी तोच ग्रंथ स्पष्ट करतो की ही लोकांच्या शुभाशुभासाठी केलेली कल्पना आहे. ग्रह आपापल्या वाटेने, एकमेकांपासून दूर चालत असतात. १ आणि २ मार्च २०२३ च्या संध्याकाळी किल्ल्यापलीकडे पश्चिमेला गुरू-शुक्र जणू एकमेकांना भिडले होते. प्रत्यक्षात गुरू शुक्राच्या सुमारे चौपट लांब होता! खालून पाहणाऱ्याला जी झुंज दिसते, ती वर नसतेच.

मग आज हा विषय कशाला? कारण जे कल्पनेत होते ते माणसाने आता खरोखर आरंभिले आहे. १९६७ च्या आंतरराष्ट्रीय कराराने अवकाशात अण्वस्त्रे ठेवण्यास बंदी केली. परंतु सर्व शस्त्रांना नाही. २००७ साली चीनने आपलाच एक उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला. मोजता आलेले तुकडेच तीन हजारांहून अधिक होते. अमेरिकेने आणि रशियानेही असे प्रयोग केले. २७ मार्च २०१९ रोजी आपल्या देशानेही केला.

ह्याचा मालवणच्या खलाशाशी काय संबंध? फार मोठा आहे. मासळी कोठे मिळेल ह्याची सूचना हैदराबादच्या 'इन्कॉइस' संस्थेकडून येते, ती उपग्रहांच्या निरीक्षणावरून. रात्री होडी बंदराची वाट काढते ती उपग्रहाच्या इशाऱ्यावर. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने आमच्या किनाऱ्यावर घरे, बागा आणि होड्या मोडल्या. पण वादळ येत आहे हे आधी कळले, ते आकाशातील डोळ्यांमुळेच. तो डोळा उद्या कोणाच्या भांडणात फुटला, तर आंधळा होईल तो पोटासाठी समुद्रावर गेलेला माणूस. त्या भांडणात त्याचे मत कोणी घेतलेले नसेल.

पुराणातील धरणीला ब्रह्मदेव तरी होता. आपल्याला तो नाही. आपली फिर्याद आपणच, वेळेवर आणि एकजुटीने मांडावयाची आहे. होडी बुडाल्यावर नव्हे. त्या म्हाताऱ्या रापणकराचा प्रश्न आपल्या हवाली करून आम्ही आपली रजा घेतो.