मागच्या एक्सलवर चाललेला जिल्हा

बीड शहरात रेल्वे आली १७ सप्टेंबर २०२५ला. त्याआधी जिल्ह्यात रेल्वे होती ती परळीच्या बाजूला आणि शेवटची तीन वर्षं आष्टीकडे. अहिल्यानगर-बीड-परळी मार्गाची मंजुरी मात्र १९९५ची. तोवर वऱ्हाडं, कापूस, बाळंतिणी, ऊसतोडीच्या टोळ्या, सगळं रस्त्यानं गेलं. त्या गाड्यांच्या मागच्या दोन चाकांमध्ये एक लोखंडी भोपळा लटकलेला असतो. तेच डिफरन्शियल. जिल्ह्याच्या इतिहासात त्याचं नाव कुणी घेत नाही, म्हणून हा लेख.

बैलगाडीला त्याची गरज कधी पडली नाही. तिची चाकं आसावर सुटी फिरतात. वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी, आणि कुणाचं काही अडत नाही. अडतं ते इंजिनानं दोन्ही चाकं फिरवायची ठरवल्यावर. यावर पॅरिसच्या ओनेसिफोर पेकर या घड्याळजीनं १८२७ साली पेटंट घेतलं, वाफेच्या गाडीसाठी. घड्याळजीच! जोर दोन्ही चाकांना सारखा, वेग मात्र ज्याचा त्याला. यातच त्याची खोडही आहे. काळ्या मातीत एक चाक घसरलं की ते नुसतं गरगरतं आणि दुसरं गप्प बसतं, कारण घसरणाऱ्या चाकाला जेवढा जोर लागतो तेवढाच दुसऱ्याला मिळतो. ट्रॅक्टरला डिफरन्शियल लॉकचा पेडल असतो तो यासाठी.

आपल्याकडे मोटारी आल्या तेव्हा बीड निजामाच्या राज्यात होतं. निजाम स्टेट रेल्वेनं जून १९३२मध्ये २७ बस घेऊन रस्ते वाहतूक सुरू केली. पण वाड्या-तांड्यांपर्यंत पोचली ती जीप. महिंद्रानं १९४७पासून विलीज जीपचे सुटे भाग आणून मुंबईत जोडायला सुरुवात केली. पुढे त्याच घराण्यातल्या गाड्या काळी-पिवळी होऊन मराठवाडाभर धावल्या. नऊ जणांच्या जागेत पंधरा जण, आणि टपावर पोती वेगळीच.

या जीपच्या एक्सलमध्ये हायपॉइड गियर होते. अमेरिकेतल्या ग्लीसन कंपनीनं १९२०च्या दशकात ते आणले. टेलपिनियन क्राऊनच्या मध्यरेषेखाली बसतो, दात नुसते लोळत नाहीत, एकमेकांवर घासत सरकतात. म्हणून साधं तेल चालत नाही, प्रचंड दाबात टिकणारं नव्वदचं गियर ऑइलच लागतं. शिवाय क्राऊन आणि टेलपिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडी म्हणून तयार करतात, दोघांवर तोच नंबर कोरतात. ही जोडी मोडायची नसते.

माझ्या मामाच्या कमांडरची मोडली होती. एका गॅरेजात डिफरन्शियल खोलून बांधलं, क्राऊन नवा टाकला, टेलपिनियन जुनाच ठेवला. पैसे वाचले, पण गाडी मांजरसुंबा घाटात केकाटायला लागली. मामाचं घर त्या गाडीवर चालायचं आणि मागं रोज माणसं बसायची. जुन्या विलीज जीपचा हँडब्रेकही प्रोपेलर शाफ्टवरच असे. टेलपिनियनचे दात उतारावर उडाले, तर मागच्या चाकांवरचा इंजिनचा अडसर गेला आणि हँडब्रेकही गेला. तुटलेला दात मध्ये अडकला तर चाकं जागच्या जागी जाम. हा आवाज म्हणजे नुसती कटकट नव्हती.

दुसऱ्या मिस्त्रीनं गाडीला हात लावायच्या आधी एकच विचारलं, “भाऊ, वढताना वरडती का सोडल्यावर?” मी दिवसभर लॉग वाचून बग शोधतो, पण इतका नेमका प्रश्न आमच्या मीटिंगमध्ये क्वचित येतो. ॲक्सिलरेटर दाबल्यावरच सूर लागला तर दातांची पुढची बाजू नीट बसत नाही. सोडल्यावर लागला तर मागची बाजू, किंवा टेलपिनियनचं बेअरिंग ढिलं. दोन्ही वेळा सारखीच घरघर असेल तर बेअरिंग. फक्त वळताना खडखड झाली तर आतले स्टार गियर. ठोका असेल तर तो मोजायचा. युद्धकाळातल्या विलीज जीपमध्ये पिनियनला ८ दात, क्राऊनला ३९. चाकाच्या फेऱ्यामागे एक ठोका आला तर दोष क्राऊनचा, जवळपास पाच आले तर पिनियनचा.

मग खोललं. नव्या जोडीच्या दातांना मिस्त्रीनं रंग लावला. कुणी निळा वापरतं, कुणी शेंदूर. गियर हातानं फिरवला की दात जिथं भिडतात तिथला रंग पुसला जातो. ठसा दाताच्या मुळाशी आला तर पिनियन फार आत गेलाय, शिम कमी करायची. टोकाशी आला तर शिम वाढवायची. ठसा मधोमध यायला हवा. दोन दातांमधली चाल पाव मिलिमीटरच्याही आत. मिस्त्रीनं चार वेळा खोललं आणि चार वेळा बांधलं. मामा बाहेर बाजेवर बसून होता, त्या दिवसाचं भाडं बुडालेलं.

बांधलेलं डिफरन्शियल बिघडतं ते बहुधा पहिल्या काही दिवसांत. नवे दात एकमेकांत बसताना तापतात. म्हणून पहिले आठशे किलोमीटर जादा माणसं नाहीत, घाटात दामटणं नाही, आणि त्यानंतर तेल बदलायचं. हौसिंगवरचं ब्रीदर चिखलानं बुजलं तर आतली हवा तापून दाब वाढतो आणि तेल सीलमधून बाहेर येतं. ते थेट ब्रेकवर जातं. पावसाळ्यात नदीतून गाडी काढली असेल तर तेल पाहायचंच. ते ताकासारखं दिसलं की आत पाणी शिरलंय.

आठशे किलोमीटरनंतर मामानं तेल काढलं तेव्हा मी होतो. ताटलीत बोट फिरवलं तर राखाडी, मऊ गाळ लागला, कणीदार काही नव्हतं. मिस्त्रीनं तो अंगठ्यावर चोळून पाहिला आणि म्हणाला, “भरा आता नवं.”