हुकूम पाळला म्हणजे सुटलो का?

युद्धाचा इतिहास आपण बहुधा जय-पराजयाच्या हिशेबात वाचतो. आज दोन वैमानिकांच्या निमित्ताने आपण निराळा प्रश्न विचारू. हुकूम पाळला म्हणजे माणूस सुटतो का?

पहिली घटना २० डिसेंबर १९४३ची. जर्मनीतल्या ब्रेमेनवर हल्ला करून चार्ली ब्राऊन या अमेरिकन वैमानिकाचे बी-१७ विमान परतत होते. विमानाची चाळण झालेली, शेपटाकडचा गनर ठार, इतर जखमी. मागून जर्मन वैमानिक फ्रान्झ स्टिगलर आला. त्याने गोळी झाडली नाही. उलट समुद्रापर्यंत सोबत केली, सलाम केला आणि तो परत फिरला. पॅराशूटने उतरणाऱ्यावर गोळी झाडायची नाही, असे त्याच्या वरिष्ठाने आफ्रिकेत बजावले होते. स्टिगलरच्या लेखी ते मोडके विमान म्हणजे पॅराशूटच.

आता ही दया स्वस्त होती का? मुळीच नाही. उघडकीस आली असती तर स्टिगलरच्या जिवावर बेतले असते. शिवाय ब्राऊन पुढे पुन्हा मोहिमांवर गेलाच! ते बॉम्ब ज्यांच्यावर पडले, त्यांनी स्टिगलरला काय म्हटले असते? हा प्रश्न बाजूला सारून त्याला संत ठरवणे आम्हाला पटत नाही.

दुसरी घटना आपल्या जवळची, १९ सप्टेंबर १९६५ची, म्हणजे युद्धबंदीच्या चार दिवस आधीची. गुजरातचे मुख्यमंत्री बळवंतराय मेहता, ज्यांच्या समितीने पंचायत राज सुचवले तेच, कच्छच्या सीमेकडे निघाले होते. त्यांचे बीचक्राफ्ट विमान चालवत होते हवाईदलातले माजी अधिकारी जहांगीर इंजिनीयर. कराचीजवळच्या मौरीपूरहून निघालेल्या पाकिस्तानी सेबर विमानात तरुण कैस हुसेन होता. त्याच्या सांगण्यानुसार विमान नागरी असल्याचे त्याने जमिनीवर कळवले. समोरच्या विमानाने पंख हलवून दयेची खूणही केली. त्याला वाटले, परत बोलावतील. उत्तर आले, पाडा. आठही जण गेले.

बघा, स्टिगलरला विचारायला कोणी नव्हते. त्याने स्वतः ठरवले. हुसेनने विचारले, आणि ठरवणे दुसऱ्याकडे गेले. पण ट्रिगरवरचे बोट मात्र त्याचेच राहिले. २०११ साली, म्हणजे ४६ वर्षांनी, त्याने इंजिनीयर यांच्या मुलीला ईमेल लिहिली. आपण हुकूम पाळला हे त्याने लपवले नाही आणि गेलेल्या जिवांबद्दल दुःख कळवले. तिचे उत्तर कडवटपणाचे नव्हते. युद्धाच्या खेळात सगळेच प्यादी, असा तिचा सूर होता.

इथे आपल्याला महाभारत आठवते. युद्ध धर्म्य होते, जिंकलेही होते, तरी युधिष्ठिर शोकाने मोडून पडतो. तुझे चुकले नाही असे सगळे सांगतात, पण त्याचे समाधान होत नाही. म्हणजे काय, तर दोष आणि शोक या दोन वेगळ्या गोष्टी. हुकमाने फार तर दोष हलका होतो. शोक ज्याच्या हातून घडले त्याचाच राहतो, आणि तो ज्याचे गेले त्याच्यासमोर बोलावा लागतो.

युद्धानंतर स्टिगलर कॅनडात राहायला गेला. ब्राऊनने शोध घेतला आणि १९९०मध्ये दोघे भेटले. स्टिगलरचा सख्खा भाऊ युद्धात गेला होता. त्याने ब्राऊनला भावाच्या जागी मानले. २००८मध्ये काही महिन्यांच्या अंतराने दोघेही वारले.

इंजिनीयर परत आले नाहीत, येणारही नव्हते. म्हणून कच्छच्या गोष्टीत गळाभेट नाही, फक्त दोन पत्रे आहेत. समेटाला मैत्री लागतेच असे नाही. ‘ते मी केले’ असे म्हणणारा एक आणि ते ऐकून घेणारी एक, एवढे पुरते. हे दोघांपैकी कोणावरही कोणी बंधन घातले नव्हते, हे आपण विसरू नये.