नाव नसलेल्यांची दप्तरे

अमेरिकन गुलामगिरीचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांना मी प्रथम १८५० आणि १८६० च्या जनगणनेतील गुलामांच्या याद्या वाचायला सांगतो. त्यांत मालकाचे नाव आहे. त्याच्या मालकीच्या माणसांचे बहुधा फक्त वय, लिंग, वर्ण. गुरांची मोजदाद याहून वेगळी ती काय असते? प्रस्थापितांचा ‘अस्सल पुरावा’ तो हाच!

मग फ्रीडमन्स बँकेच्या खातेवह्या उघडाव्यात. १८६५ नंतर मुक्त झालेल्यांनी खाते काढताना आईबाप, भावंडे, विकली गेलेली लेकरेसुद्धा सांगितली. लिहिणारा कारकून, पण सांगणारा स्वतः तो माणूस. १८७४ साली बँक बुडाली, कित्येकांची पुंजी गेली. वह्या वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात राहिल्या. त्यांतले एखादे नाव घेऊन १८७० च्या जनगणनेत शोधावे. पूर्वीच्या गुलामांची नावे सरसकट नोंदणारी ती पहिलीच जनगणना.